वाऱ्यावर सोडा, नाना

वैशाख सरत आला की जळगावात दुपार कलताना एक वारा सुटतो. रस्त्यावरची तापलेली धूळ उचलतो, दुकानांच्या पाट्या खडखडवतो, समोरच्या गच्चीवर कुरडयांवर घातलेली ओढणी उडवून नेतो. बायका आवराआवर करायला धावतात. मी मात्र तेव्हाच गच्चीवर जाते आणि वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते. माझ्या सुनेला हे अजून पचलेलं नाही. सासूबाईंना ऊन लागेल, असं ती माझ्या मुलाला हळूच सांगते, आणि ते मला नेमकं ऐकू येतं. मला काही होत नाही. मी त्या वेळी जळगावात नसतेच मुळी.

मी असते तापीच्या काठावर, आमच्या गावात. आमच्या तालुक्याच्या मुक्ताईनगरला तेव्हा सगळे एदलाबादच म्हणत. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि मी भुसावळच्या कॉलेजातून उन्हाळ्याच्या सुटीला घरी आले होते. खाली धरणाचा फुगवटा पसरलेला, वर सातपुड्याची धुरकट रेघ, आणि मधे जिकडे पाहावं तिकडे केळी.

आमच्याकडे ह्या दिवसांतल्या वाऱ्याला नुसतं वारा म्हणत नाहीत. वावधान म्हणतात, आणि म्हणताना आवाज आपोआप खाली येतो. केळ म्हणजे काही झाड नव्हे. एकावर एक गुंडाळलेला, पाण्याने भरलेला पाला, आणि त्याच्या मानेला लटकलेला जडशीळ घड. बाग ऐन भरात येते तेव्हाच हा वारा येतो. बांधाला शेवरीची दाट रांग लावायची, झुकलेल्या खोडांना बांबूचे टेकू द्यायचे, आणि बाकी ओट्यावर बसून आभाळाकडे पाहायचं, एवढंच माणसाच्या हातात असतं. खोड मोडतं तेव्हा मोठा आवाज वगैरे होत नाही. ओलं पोतं खाली टाकावं तसं धप्प वाजतं. मग पुन्हा धप्प. ऐकणाऱ्याने कान झाकून घ्यावेत, दुसरं काय करावं?

आदल्या वर्षी आमची गावाजवळची सगळी बाग अशीच एका दुपारी आडवी झाली होती. बागा पडतात, पुन्हा लागतात, केळीच्या मुलखात हे कुणालाच नवं नाही. पण त्या दिवसापासून आमचे वडील, म्हणजे नाना, काही पुन्हा उभे राहिले नाहीत. आजारी नव्हते. जेवत होते, आल्यागेल्याशी बोलत होते. मात्र बागेत पाऊल टाकत नव्हते, आणि वारा सुटला की आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेत, कानाला उपरणं गुंडाळून बसत. नदीकडच्या शेतात आमची दुसरी बाग होती, ती निसवली होती, घड बाहेर पडून भरत होते. तिकडे आई आणि आमचा सालदार गडी पाहायचे. नानांनी ती निसवलेली पाहिलीही नव्हती. येत्या मृगाला केळीची नवी लागण करायची नाही, असं त्यांनी सांगून टाकलं होतं.

"नानांनी बाग वाऱ्यावर सोडली," असं गावात कुणीतरी म्हणालं. वाईट हेतूने नसेल म्हणालं, पण ते नानांच्या कानावर गेलं. ओट्यावर बसल्या बसल्या ते स्वतःशीच एकदा म्हणाले, "वाऱ्यावर सोडली." आणि उठून आत गेले.

आईला लागणीची काळजी नव्हती. ह्या माणसाबरोबर तिने आयुष्य काढलं होतं. हा असाच राहिला तर पुढचं म्हातारपण आपण कुणाबरोबर काढायचं, ही तिची काळजी होती. ती हे बोलून दाखवत नसे. पहाटे बागेत निघताना फक्त दाराशी जरा जास्त वेळ थांबायची, नाना उठतात का ते बघत.

माझा मोठा भाऊ, त्याला मी भाऊच म्हणते, तेव्हा मुंबईला गोदीच्या एका वर्कशॉपात कामाला होता. समुद्रकाठच्या कुठल्याशा क्लबात शिडाच्या होड्या चालवायला शिकला होता आणि सुटीला आला की तेच बोलायचा. नानांचं कळल्यावर नोकरी सोडून तो घरी आला. रावेरहून केळी घेऊन मुंबईला गेलेला ट्रक रिकामा परतत होता, त्यात बसून आला. फक्त तो ट्रक रिकामा नव्हता. केळीच्या वाळल्या पाल्यात गुंडाळलेले दोन लांबलचक पांढरे सांगाडे, अॅल्युमिनियमची एक उंच काठी आणि दोरांचा भला मोठा गुंता त्यात होता. क्लबाने मोडीत काढलेली जोडहोडी त्याने मागून घेतली होती. ट्रकमधून ती उतरवताना आमच्या सालदाराने अगदी मनापासून विचारलं, "भाऊ, हे ठिबकचं काही नवीन आहे का?"

भाऊने सगळ्यांना समजावलं. ही गाडीच आहे म्हणा ना. दोन चाकांच्या जागी दोन अरुंद होड्या, त्यांना जोडणाऱ्या आडव्या दांड्या, मधे बसायला खाटेच्या नवारीसारखं ताणून बांधलेलं कापड. बैलांच्या जागी शीड. आई कमरेवर हात ठेवून ऐकत होती. तिचं माहेर धुळ्याकडचं. इतकी वर्षं तापीकाठी काढूनही तिची अहिराणी सुटली नव्हती, आणि रागावली की ती दुसरं काही बोलतच नसे.

"बैल नहीत, चाकं नहीत, आन् म्हने गाडी!" ती म्हणाली आणि आत निघून गेली.

समुद्राच्या वाळूवरून ढकलत पाण्यात न्यायची ही जात. आमच्याकडे वाळू कुठली? उन्हाळ्यात फुगवटा मागे सरकला की गाळ उरतो, वरून भेगाळलेला, खालून लोण्यासारखा. गुडघाभर चिखलात रुतत, शिव्या हासडत, कशीबशी ती पाण्यात जायची. पण एकदा का शिडात वारा भरला, की काठावरचे लोक हातातलं काम टाकून बघत राहायचे. साधी होडी पाणी कापत जाते. ही पाण्याला टेकते न टेकते अशी पळायची. बघता बघता वाऱ्याकडची होडी पाणी सोडून वर उचलली जाई, आणि सगळा पसारा एका होडीच्या धारेवर सणसणत निघे.

ह्या मोठ्या जोडहोडीचं सगळं सुख आणि सगळी भीती तिच्या रुंदीत असते, असं भाऊ सांगायचा. लहान होडी आधी कलते, कुरकुरते, माणसाला सावध करते. ही रुंद असल्यामुळे शेवटपर्यंत शहाण्यासारखी वागते आणि मग एकदम आडवी होते. तिला तोलायला दोन माणसांचं वजन लागतं. एकाने सुकाणू धरायचं, दुसऱ्याने कमरेला पट्टा बांधून डोलकाठीच्या तारेला अडकवायचा आणि होडीच्या काठावर पाय रोवून चक्क बाहेर, पाण्यावर आडवं व्हायचं. वळवायची तर आणखी तऱ्हा. नाक वाऱ्याकडे आलं की मधेच थांबते आणि तिथेच ठाण मांडते. पुढचं नाक पाण्यात खुपसलं तर माणसांसकट कोलांटी मारते. आणि उलटली, तर एकट्याने ती सरळ होत नाही.

भाऊ अंगाने काडीपैलवान. त्याच्याबरोबर जायला गावात कुणी तयार होईना, मी गेले तर आमच्या दोघांचं वजन मिळून एका माणसाचं भरायचं. म्हणून तो एकटाच जायचा. एका दुपारी वावधान सुटलं आणि सालदार धावत घरी आला. होडी आडवी झालीय, म्हणाला, भाऊ तिला धरून लोंबकळतोय, आणि वारा दोघांना पलीकडच्या वाळक्या बाभळींकडे लोटतोय.

आतल्या खोलीचं दार उघडलं. नाना बाहेर आले. पायात वहाण नव्हती, उपरणं खांद्यावरून घसरलेलं. तापलेल्या गाळावरून ते पाण्यापर्यंत पळत गेले, आणि वारा त्यांच्या धोतराला झोंबत होता त्याचं त्यांना भानही नव्हतं. आई दारात खिळून उभी. "यासले काय व्हयनं आज? वारामां बाहेर निंघनात!" असं काहीसं ती पुटपुटली आणि रडायला लागली. भाऊची काळजी तिला नव्हती असं नाही. पण त्या क्षणी ती रडली ते नानांसाठी, हे मला कळलं.

मासे धरणाऱ्यांनी भाऊला ओढून काठावर आणलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो निघाला तर नाना आधीच ओट्याखाली उतरून उभे होते.

"एकट्यानं जायाचं नही," नाना म्हणाले. "वजन पाह्यजे नं तुले? मी येतो."

भाऊ हे सगळं मुद्दाम करत होता का, मी कधी विचारलं नाही.

धोतराचा काष्टा घट्ट मारलेला, बंडीवर भाऊने जबरदस्तीने चढवलेलं फुगीर जाकीट, अशा थाटात आमचे वडील त्या कापडावर मांडी घालून बसले. तारेला लटकायला त्यांनी साफ नकार दिला. मग भाऊने सुकाणू घेतलं आणि शिडाचा दोर नानांच्या हातात दिला. दोर ओढला की शीड वारा धरतं, सोडला की वारा सांडतो. एवढं सोपं. नानांनी दोर हातात घेतला मात्र, त्यांचे खांदे बदलले. कासरा धरणाऱ्याचे खांदे झाले ते. मी काठावरून पाहत होते आणि मला उगाच बरं वाटलं.

मग वाऱ्याचा मोठा झोत आला. वाऱ्याकडची होडी उचलली, अजून उचलली. भाऊचं ओरडणं पाण्यावरून स्वच्छ ऐकू आलं.

"सोडा! वाऱ्यावर सोडा, नाना!"

नानांनी दोर ओढला. दोन्ही हातांनी, पाय रोवून, सगळ्या ताकदीने ओढला. जोडहोडी एका बाजूवर उभी राहिली, क्षणभर तशीच थांबली, आणि शीड थाडकन पाण्यावर आपटलं.

पुढचं भाऊने सांगितलं ते. दोघं आडव्या होडीला धरून पाण्यात तरंगत होते. तापीकाठी वाढलेल्या नानांना पाण्याचं भय नव्हतं.

"बैल उधयले तं ओढाच लागते," नाना म्हणाले. जन्मभर हाताला तेच वळण. मग थोड्या वेळाने, भाऊकडे न पाहता, "आन् तू म्हनतो वाऱ्यावर सोड. वाऱ्यावर सोडाले सांगतो का कोनी कोनाले?"

भाऊ म्हणाला, गावात काय बोललं जातं ते तेव्हा त्याला माहीतच नव्हतं. त्याच्या लेखी ते शब्द होडीवरचे होते, रोजचे. पण नानांचा चेहरा पाहून त्याला कळलं की आपण कुठेतरी नको तिथे हात लावला. त्याने फक्त काम सांगितलं.

ते काम मी काठावरून पाहिलं. आधी आडव्या होडीचं नाक वाऱ्याकडे वळू द्यायचं. घाई करायची नाही. मग खालच्या होडीवर उभं राहून, वरच्या होडीवरून आलेला जाड दोर धरून, दोघांनी पाठीमागे रेलायचं. नाना आणि भाऊ असे शेजारी शेजारी रेलून राहिले. किती तरी वेळ काही हललं नाही. शीड पाण्याला चिकटलेलं. माझ्या मनात आलं, आता काही खरं नाही. मग शिडाचा शेंडा बोटभर उचलला. त्या बोटभर फटीत वारा शिरला, शिडाखाली गेला, आणि त्याने ते पाणी निथळतं अवजड शीड खालून उचलून धरलं. दोघांच्या वजनाने जे होत नव्हतं ते वाऱ्याने केलं. डोलकाठी उठली, झपकन उभी राहिली. दुसरी होडी पाण्यावर आपटली.

नाना त्या कापडावर चढून बसले, ओलेचिंब. शीड फडफडत होतं. भाऊ म्हणतो, ते वर बघत राहिले आणि एवढंच म्हणाले, "त्यानंच उठवली रे."

वाऱ्याने पाडलेलं त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. वाऱ्याने उचललेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

तो सगळा उन्हाळा मग मला एकाच लांबच लांब दुपारसारखा आठवतो. ऊन असं की काठावरचे दगड हाताला चटका द्यायचे, आणि पाण्यावर गेलं की अंगावर येणारे तुषार इतके गार की ओरडावंसं वाटायचं. नाना ओरडायचे. होडी उचलली की "हैऽऽ" असा बैलांना घालायचा जुना आवाज पाण्यावरून गावापर्यंत यायचा, आणि आई चुलीपुढे हात थांबवून तो ऐकायची. नानांच्या हाताला नवं वळण लागायला वेळ लागला. झोत आला की मूठ आपोआप आवळायची. पण हळूहळू ते बोटं सैल करायला शिकले. पुढे तर ते भाऊच्या आधी सांगायचे, "पानी कायं पडलं पाह्य." झोत येण्याआधी पाण्यावर एक काळसर सुरकुती धावत येते. बागेत वारा आल्यावरच कळतो, इथे तो लांबून येताना दिसतो. भीती निम्मी होते ती एवढ्यानेच, असं मला वाटतं. नाना असं काही म्हणाले नाहीत. आमच्या घरात असलं बोलत नसत.

एकदा मीही तारेला लटकले. मागे नाना, सुकाणूवर भाऊ. पाय काठावर, पाठीखाली काही नाही, नुसतं पळणारं पाणी. होडीच्या बुडातून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घूंघूं येत होती. मी मरणाची घाबरले होते आणि त्याच वेळी मला कुठेही परत जायचं नव्हतं. तेवढी मोकळी मी नंतर कधी झाले नाही. संसार चांगला झाला, तक्रार नाही, पण हे खरं आहे.

"वाऱ्यावर सोडणं" हे शब्द मी आता सहसा वापरत नाही. कुणी वापरले तर मला ते शीड दिसतं. दोर ढिला केला म्हणून ते काही होडी सोडून जात नाही. जागच्या जागी फडफडतं, वारा त्याच्यातून निघून जातो, होडी शांत होते. आणि दोर सोडला तरी त्याचं टोक आपल्या मुठीतच असतं. हे मी एकदा सुनेला सांगायला गेले. ती म्हणाली, हो आई, आणि गॅस बारीक केला.

नाना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. शिडाच्या कापडाची आईने पुढे धान्य वाळवायची ताडपत्री केली. एक होडी गोठ्यामागे गुरांना पाणी पाजायला लागली, दुसरीचं काय झालं मला ठाऊक नाही. भाऊ मुंबईला परत गेला नाही. त्याला अधूनमधून समुद्राची आठवण येत असणार. मी फोन केला की तो पावसापाण्याचं बोलतो.

त्या वर्षी ज्येष्ठ लागल्यावर खरं वावधान आलं. दिवसभर पान हललं नव्हतं. भाऊने जोडहोडी काठावर ओढून, शीड उतरवून, बाभळीला जखडून ठेवली होती. ओट्यावरून फुगवटा दिसायचा. लांबवर पाणी काळं पडलं आणि ती काळी रेघ आमच्याकडे यायला लागली. आईने सवयीने आतल्या खोलीकडे पाहिलं. नाना ओट्यावरून हलले नाहीत. वारा गावावर आला, पत्रे उडाले, नदीकडून तो ओला धप्प आवाज यायला लागला. नाना दोन्ही हात मांडीवर ठेवून तो सगळा ऐकत राहिले. कान त्यांनी झाकले नाहीत. मी त्यांच्या शेजारी बसले होते आणि मला त्यांच्याकडे बघायचं धैर्य होत नव्हतं. ही बाग गेल्यावर हे पुन्हा आत जाणार, आणि आता गेले तर कायमचे, हेच एक माझ्या डोक्यात होतं.

सकाळी ते उठले, वहाणा घातल्या आणि नदीकडे चालू लागले. आई मागे, आईच्या मागे मी. भाऊ आधीच जाऊन बांधावर उभा होता. निम्म्याहून जास्त बाग झोपली होती. घड चिखलात, पानं चिंध्या चिंध्या झालेली, सगळीकडे तो कच्चा, तुरट वास. नाना बांधावर थांबले. मग ते खाली उतरले, एका वर्षानंतर पहिल्यांदा, आणि पडलेल्या पानांच्या ढिगात शिरून दिसेनासे झाले. नुसती पानं बाजूला सारल्याचा आवाज येत होता. तो बराच वेळ आला.

आईला राहवलं नाही. "बठ्ठी गयी का हो?" सगळीच गेली का, असं तिने बांधावरूनच विचारलं.

नाना एका मोडलेल्या खोडापाशी ओणवे होते. त्यांनी वरचा पाला उचलून धरला. केळीच्या बुडाशी तिची पिलं फुटतात. मोडलेलं खोड वेळेवर कापून टाकलं तर ती वाढतात, नाहीतर त्याच्याखाली गुदमरतात. गुडघ्याएवढी, तलवारीसारख्या अरुंद पानांची पिलं तिथे सरळ उभी होती. वारा त्यांच्या डोक्यावरून निघून गेला होता.

"खोडं गेली," नाना म्हणाले. "पिलं हायेत." मग पाठ सरळ करून त्यांनी आईकडे हात पुढे केला. "घरून इया आनून दे मले."

आईने घरून निघतानाच विळा कमरेला खोचून आणला होता. तिने तो काढला आणि बांध उतरून त्यांच्या हातात दिला.